घंटीचा मॉड

मी एसटीत कंडक्टर आहे आणि राग माझ्या नाकावर असतो, हे अहमदपूर ते नांदेड या रस्त्यावर कुणालाही विचारा. दारात उभं राहून जो पुढं सरकत नाही त्याला मी सरकवते. समोरच्या सीटवर पाय टेकवणाऱ्याला पाय खाली घ्यायला लावते, मग तो सरपंच असो नाहीतर सरपंचाचा मेहुणा. डेपोत मला मागून काय काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण निजामोद्दीन मामूंनी मला कधी काही म्हटलं नाही. ते एवढंच म्हणायचे, "लुंबिनीबाई, तुम्ही मागं भांडा, मी पुढं बघतो."

मामू माझे ड्रायव्हर. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या ड्युटीला गाडीवर तेच होते, आणि पुढं ड्युटी लावणाऱ्याच्या डोक्यावर बसून मी बहुतेक वेळा त्यांचीच गाडी मागून घेतली. त्यांच्या गाडीत उभ्या असलेल्या म्हातारीच्या हातातला चहासुद्धा सांडायचा नाही. आणि वेळेचे इतके पक्के की माळाकोळीचा टपरीवाला आमची गाडी बघून घड्याळ लावायचा.

अशा माणसाला गाडीवरून उतरवलं ते डोळ्याने. साखरेनं उजवा डोळा धरला, डेपोच्या तपासणीत ते उघड झालं, आणि स्टिअरिंग सुटलं. रिटायरमेंटला थोडेच महिने राहिले होते. आमच्याकडे ड्रायव्हर रिटायर होतो त्या दिवशी गाडीला हार घालतात, नारळ फोडतात, घरच्यांना त्याच गाडीत बसवून शेवटची फेरी मारतात. बायका ओवाळतात, पोरं व्हिडिओ काढतात. मामूंच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. त्यांनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि पायी घरी गेले. मी त्या दिवशी नांदेडच्या स्टँडवर होते, मला फोनवर कळलं.

नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. उजव्या डोळ्यात दर महिन्याला सुई घ्यायची, म्हणजे आहे ते टिकेल. डाव्यावर लक्ष ठेवायचं, कारण साखर दोन्ही डोळ्यांना सारखीच. पहिल्या सुईला त्यांचा पुतण्या मोहसीन त्यांना त्याच्या गाडीतून घेऊन गेला. मग मोहसीन कामाला हैदराबादला गेला आणि मामूंचं नांदेड बंद झालं.

"एसटीनं जा की," मी म्हटलं.

"ज्या रस्त्यानं मी गाडी नेली त्या रस्त्यानं आता पिशवी घेऊन मागं बसू? न्हाई जमायचं, बाई."

"मग जीपनं जा."

"जीपमधी? मेलो तरी न्हाई." एसटीच्या ड्रायव्हरला काळी-पिवळी जीप म्हणजे सवत.

"मग भाड्याची कार करा."

"दुसऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग बघवत न्हाई."

म्हणजे कशालाच तयार नाहीत. त्यांची बायको गौसियाभाभी शिलाई मशिनवर बसून रडायच्या आणि मामू टीव्हीसमोर बसून टीव्ही बघायचे नाहीत. तोंडाला कुलूप. दोन-तीनदा मी गेले तर "या" आणि "चहा घ्या" यापलीकडे शब्द नाही. मला त्या घरात बसवेना. ज्या माणसाच्या पाठीकडे बघत मी एवढी वर्षं काढली त्याचं तोंड असं बघायची मला सवय नव्हती.

त्यांची पोरगी मनतशा लातूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, सुट्टीला घरी येते. तिने एकदा येताना जुना कॉम्प्युटर आणला आणि टीव्हीला जोडून दिला. हॉस्टेलवरच्या एका मुलाकडून वापरलेलं खेळण्यातलं स्टिअरिंगही मिळवलं, खाली क्लच-ब्रेक-रेस असलेलं. गाडी चालवायचा गेम होता. डॉक्टरांना विचारून घेतलं होतं तिने, बघायला मनाई नव्हती.

"अब्बा, हे चालवा. इथं मेडिकल लागत नाही," ती म्हणाली.

मामूंनी बराच वेळ हात लावला नाही. मग लावला, आणि पहिलंच वाक्य बोलले, "ह्यो ड्रायव्हर डाव्या अंगाला का बसलाय?"

गेम परदेशातला. रस्ते धुऊन ठेवल्यासारखे, बसला पडदे, लोक रांगेत चढणारे. मामूंनी थोडं चालवून सोडून दिलं. म्हणाले, "रस्त्यावर एक म्हैस न्हाई. हा काय रस्ता हाय?"

तेव्हा मनतशाने त्यांना मॉडबद्दल सांगितलं. मला तिने नंतर समजावलं, तेच इथं सांगते. मूळ गेम जसा येतो तसाच खेळायला हवा असं नाही. जगभरातली हौशी पोरं घरी बसून त्याच्यासाठी वेगळ्या बस बनवतात, रस्ते बनवतात, हॉर्न बनवतात, आणि इंटरनेटवर ठेवतात. त्याला मॉड म्हणायचं. आपण हवा तो उतरवून आपल्या गेमवर चढवायचा. आपली लाल एसटीसुद्धा होती त्यात. औशाच्या रुद्राणी नावाच्या एका पोरीने केलेली, नंबरप्लेट मराठीत, आणि पुढं 'महिलांसाठी राखीव'सुद्धा लिहिलेलं.

ते ऐकून मामू उठून बसले, आणि नवा खेळणारा जी चूक करतो तीच त्यांनी केली. जे दिसेल ते घेतलं. लाल बस घेतली, लग्नाची वरात घेतली, उसाचे ट्रॅक्टर घेतले, म्हशी तर दोन वेगवेगळ्या लोकांच्या घेतल्या. मनतशा लातूरला परत गेल्यावर त्यांनी हे सगळं शेजारच्या जेबाला बसवून एका दमात चढवलं. गेम सुरू झाला तेव्हा एसटी म्हशीच्या पोटात उभी होती आणि वरातीतला घोडा टपावर. मग टीव्ही काळा पडला तो पडलाच.

पुढच्या सुट्टीत मनतशाने कपाळावर हात मारला. "अब्बा, असं नसतं. आधी साधा गेम नीट चालू द्यायचा. मग एक मॉड टाकायचा, चालवून बघायचा. बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं. मग दुसरा."

"असं म्हण की मग. आधी चासी, मग बॉडी," मामू म्हणाले. त्यांना पटलं.

त्यानंतर त्यांनी निवडून निवडून मॉड घेतले, आणि त्यांची निवड बघून मनतशा मला फोनवर हसून हसून सांगायची. "मावशी, लोक गेम सोपा करायला मॉड टाकतात, अब्बा अवघड करायला टाकून राहिलेत. एसीची गाडी नको म्हणाले. नरम गिअर नको म्हणाले. खिडक्या खडखडणारा आवाज कुठं मिळतो का बघ म्हणाले, तो मिळाला तर एक दिवसभर नुसता तोच ऐकत बसले. गाणी वाजवायचा मॉड फुकट होता, तर म्हणतात ड्युटीवर गाणी चालत न्हाईत."

मीही हसायचे. बऱ्याच दिवसांनी त्या घरून हसायला येण्यासारखा फोन येत होता.

मग एक दिवस तिचा फोन आला तो वेगळाच. "मावशी, अब्बा गाडी हलवतच नाहीत."

"म्हणजे?"

"सगळं करतात. इंजिन चालू करतात, लोक चढतात, दार लागतं, पहिला गिअर टाकतात, आणि क्लचवर पाय ठेवून बसून राहतात. स्क्रीनवरचे पॅसेंजर नाराज होतात, मार्क जातात, तरी हलत नाहीत. विचारलं तर काही सांगत नाहीत. अम्मीला वाटतं त्यांची हिंमतच गेली. आधी ती परदेशी बस चालवली होती त्यांनी. एसटी आल्यापासून हे असं."

ड्युटी संपवून युनिफॉर्मवरच मी त्यांच्याकडे गेले. भाभी दारातच डोळ्याला पदर लावून उभ्या. आत मामू टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले होते. समोर लाल गाडीची काच, काचेपलीकडे स्टँड. खडखड आवाज चालू. गिअर पहिला. डावा पाय दाबलेला, मान थोडी उजवीकडे, कान मागं.

त्यांचा तो कान बघितला आणि मला कळलं. आणखी कुणाला कळणार होतं? त्या कानाला मी रोज बघत होते.

बाजूला चहाचा स्टीलचा ग्लास पडला होता. मी चमचा घेतला आणि ग्लासवर मारला. टण् टण्.

गाडी हलली. काही झटका नाही, काही नाही, पाण्यावर निघाल्यासारखी स्टँडच्या बाहेर पडली. मामू मागं वळलेसुद्धा नाहीत. नुसते म्हणाले, "केवढा उशीर केला, बाई."

"मामू! अहो तोंडानं सांगायचं की घंटी पाहिजे म्हणून!"

"काय सांगू? पोरगी म्हणंल म्हातारा येडा झाला." मग गिअर बदलत म्हणाले, "मला ठाऊक हाय गेममधी कंडक्टर न्हाई. पण पाय उठत न्हाई. परदेशी गाडीत उठला, ह्या लाल गाडीत न्हाई उठत. डबल बेलबिगर लाल गाडी मी जन्मात काढली न्हाई."

गौसियाभाभी हसत होत्या आणि रडत होत्या आणि म्हणत होत्या, "या अल्ला, ग्लास बजाने का था क्या नुसतं!" त्यांची दखनी अशी, रागात आणि आनंदात मराठीत मिसळते.

तेव्हापासून माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे. खुर्चीमागं प्लास्टिकच्या स्टुलावर मी, हातात ग्लास-चमचा. थांबा आला की एक टोला, लोक चढले की दोन. माझ्या घरचे म्हणायचे, सुट्टीच्या दिवशीही ड्युटी करतेस. मी म्हणायचे, हो, करते. मामू बोलायला लागले होते. "मागच्याला पुढं सरकायला सांगा बाई," असं ते टीव्हीकडे बघत म्हणायचे आणि मी त्या टीव्हीतल्या लोकांवर ओरडायचे. मी हे कुणाला सांगितलं नसतं, पण ते दिवस फार सुखाचे होते.

मग मामूंना अहमदपूर-नांदेड रस्ता हवा झाला. दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर मन लागेना. तोही मॉड रुद्राणीने केलेला होता, माळाकोळी, लोहा, सोनखेड, पुढं विष्णुपुरी, सगळं. मनतशाने चढवला. मामूंनी दोनदा चालवला आणि नापास केला.

"पोरीनं खांब वाकडे लावलेत."

"कुठले खांब?"

"लाइटचे. रस्त्याकडंचे. मधी पोट आल्यासारखे."

त्यांनी मनतशाला रुद्राणीकडे तक्रार लिहायला लावली. त्या पोरीने बिचारीने उत्तर दिलं की काका, मी तपासले, सरळ आहेत, तरी पुन्हा बघते. मामू म्हणाले, बघू दे. तोवर दुसऱ्या कुणाचा तरी मॉड शोधला. त्यात म्हणे रस्त्यामधली पांढरी पट्टी नागमोडी. तो काढून तिसरा टाकला, तो लातूरच्या बाजूच्या कुणीतरी केलेला. त्या दिवशी रविवार होता, मनतशा आली होती, आणि मी माझ्या स्टुलावर होते.

गाडी माळाकोळीकडे निघाली आणि मामू चुकचुकले. "ह्याच्यात बी तेच. आजकालच्या पोरान्ला सरळ रेघ ओढता येत न्हाई."

मी त्यांच्या डोक्यावरून टीव्हीत बघत होते. पट्टी सरळ होती. खांब सरळ होते. मनतशाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. माझ्या हातातला चमचा गार वाटायला लागला.

"मामू," मी म्हटलं, "उजवा डोळा हाताने झाका बरं जरा."

"कशाला?"

"झाका म्हणते ना."

त्यांनी गाडी बाजूला घेतली, हॅन्डब्रेक लावला, मग झाकला. आता नुसता डावा डोळा उघडा, चांगला डोळा, ज्याच्या भरवशावर सगळं चाललं होतं.

"आता पट्टी कशी दिसती?"

त्यांनी हात खाली घेतला, पुन्हा वर नेला. खोलीत गाडीच्या खिडक्या तेवढ्या खडखडत होत्या.

"मॉडच खराब हाय," ते शेवटी म्हणाले.

मनतशा परसात जाऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून आली. रविवार असूनही कुणीतरी उचलला. सरळ रेघ वाकडी दिसते म्हटल्यावर तिथल्या बाई म्हणाल्या, याच आठवड्यात आणा, थांबू नका, आता सुई घेतली तर हा डोळा वाचवता येईल. तिने हे अब्बांना सांगितलं. मामू ऐकत होते आणि स्टिअरिंगवरची धूळ पुसत होते.

"येतो मोहसीन आला की."

"मोहसीन ईदला येणार, अब्बा!"

"मग ईदला."

मग माझा राग नाकावर राहिला नाही, डोक्यात गेला. "मामू, तीन माणसं तीन गावात बसली आणि तिघांनी खांब वाकडेच लावले होय? एक डोळा घालवला तुम्ही हट्टापायी, आता दुसरा घालवा! मग टीव्ही बी नको अन् मॉड बी नको. बसा अंधारात खडखड ऐकत!"

"बाई, तुम्ही मागं भांडा," ते हळूच म्हणाले.

"आता पुढं येऊन भांडणार आहे मी!"

मी ग्लास उचलला, चमचा उचलला, भाभींच्या मोरीत दोन्ही टाकले. "आजपासून घंटी बंद. नांदेडला येता तेव्हा घंटी मिळंल." आणि चप्पल घालून निघून आले. वाटेत मला स्वतःचीच भीती वाटली, इतकं मी बोलले होते. पण माघार घेतली नाही.

पुढचे दोन-तीन दिवस त्यांच्या घरून बातम्या यायच्या. मामूंनी मनतशाला घंटीचा मॉड शोधायला लावला होता. म्हणजे बटण दाबलं की टण् टण्, कंडक्टरची गरजच नको. तिला एक मिळाला, तो निघाला कर्नाटकातल्या गाडीचा. तिकडचे कंडक्टर शिट्टी मारतात. मामूंनी एकदा ऐकली आणि म्हणाले, "ही बिदरची शिट्टी हाय. ह्या शिट्टीवर माझी गाडी कशी निघंल?" दुसरा मिळाला त्यात देवळातली घंटा होती. भाभींना ग्लास वाजवायला सांगितला तर भाभी म्हणाल्या, "मैं नै बजाती. बाईला विचारा." हे ऐकून मला भाभींचा मुका घ्यावासा वाटला.

शेवटी निरोप आला, मनतशामार्फत. अब्बा म्हणतात, मावशीला सांग आपल्या गाडीतली घंटी मोबाइलमध्ये भरून पाठवायला, तिचाच मॉड करू.

"पाठवणार नाही," मी म्हटलं. "येऊन भरून घ्या म्हणावं. गुरुवारी सकाळची नांदेड गाडी, फलाटावर."

"येतील?"

"घंटीसाठी येतील."

गुरुवारी गाडीवर आनंदराज होता, नवा पोरगा, हात चांगला आहे त्याचा. त्याला मी सगळं सांगून ठेवलं होतं. गौसियाभाभी आधीच मागच्या गेटने येऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर दवाखान्याची फाइल, आणि बाजूच्या जागेवर हातरुमाल टाकून. कुणी रुमाल उचलायला बघितला की त्या बुरख्यातून असं बघायच्या की माणूस मागच्या सीटकडे जायचा.

मामू आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल. स्टँडवरची माणसं त्यांना सलाम करत होती, कुणी जयभीम घालत होतं, आणि ते सगळ्यांना मान हलवत गाडीकडे येत होते. त्यांचे पाय गाडीच्या उजव्या अंगाला वळले, ड्रायव्हरच्या दाराकडे. दाराला हात लागणार तेवढ्यात थांबले. मग पुढून वळसा घालून माझ्याकडे आले. आनंदराजने मान दुसरीकडे फिरवली होती, आणि मीही.

"द्या बाई घंटी. मी भरून घेतो." त्यांनी मोबाइल वर धरला.

मी पायरीवर उभी. घंटीची दोरी माझ्या हातात. "आत बसा. मग देते."

"मी हितूनच भरून घेतो."

"इथून नाही देणार."

"बाई, टाइम झालाय गाडीचा."

"मला ठाऊक आहे."

आनंदराजने इंजिन चालू ठेवलं होतं. गाडी भरलेली. मी घंटी देईना, तो गाडी हलवेना. डबल बेलबिगर गाडी निघत नाही, हे मामूंनीच त्या पोराला शिकवलेलं. मामूंनी स्टँडच्या घड्याळाकडे डोळे बारीक करून बघितलं, मग मनगटावरच्या. आत माणसं चुळबुळायला लागली.

"ओ बाई, द्या की बेल!" मागून कुणीतरी ओरडलं.

खिडकीतून धुरपताबाई डोकावली, मांडीवर सीताफळाची पाटी. दर आठवड्याला लोह्याला लेकीकडे जाते ती. तिने मामूंना ओळखलं नाही, युनिफॉर्मशिवाय कधी बघितलंच नव्हतं. "ओ बाबा! चढायचं तर चढा न्हाईतर सरा बाजूला! तुमच्यापायी सगळ्या गाडीचा खोळंबा होऊन राहिला! मेल्याला लाज न्हाई!"

मामूंचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे घरी जातात. एवढ्या वर्षांत त्यांच्यापायी एक गाडी उशिरा निघाली नव्हती. मोबाइल धरलेला हात खाली आला. त्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी बघितलं तसंच त्यांच्याकडे. दोरी सोडली नाही.

"लई खराब बाई हाय तुम्ही," ते म्हणाले आणि पायरीवर पाय ठेवला.

आत रुमालाच्या बाजूला बुरखा बघून ते चमकले. "तू कब आई?"

"आपके पहले," भाभी म्हणाल्या आणि रुमाल उचलला.

ते बसले. मोबाइल वर धरला. मी दोरी ओढली, टण् टण्, आणि गाडी निघाली. ती भरलेली घंटीच आज त्यांच्या गेममध्ये आहे. तिच्या आधी धुरपताबाईचं ओरडणं ऐकू येतं. मनतशाने ते कापते म्हटलं तर मामूंनी कापू दिलं नाही.

तिकिटं फाडत मी मागं गेले, पुढं आले, पण लक्ष सगळं त्यांच्याकडे. त्यांचा उजवा पाय पत्र्यावर रेस देत होता, डावा क्लच दाबत होता. आनंदराजने एक गिअर उशिरा बदलला तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं, पण बोलले नाहीत. भाभींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, पाय हलला की हातही हलायचा. माळाकोळी गेलं. टपरीवाल्याने गाडीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि हात वर करून काय झालं म्हणून विचारलं. मामू खिडकीतून बाहेर बघत राहिले.

पुढं रस्ता मोकळा लागतो, दोन्हीकडे सोयाबीन, आणि कडेने लाइटचे खांब. मी त्यांच्या सीटजवळच्या दांड्याला टेकून उभी होते. भाभींना डुलकी लागली होती.

"बाई," ते म्हणाले. तोंड खिडकीकडेच.

"काय मामू?"

"हितं बी वाकडेच हायत."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. बाहेरचे खांब एकामागून एक सरळ उभे मागं जात होते.

"औशाच्या त्या पोरीला सांगा," ते म्हणाले, "तिची काही चूक न्हाई म्हणावं. चांगला रस्ता केलाय तिनं."

मला रडू आलं. गाडीत, सगळ्यांसमोर, तिकिटाचं मशिन पोटाशी धरून मी रडले. नाकावर राग असणाऱ्या बाईला रडताना बघून मागची दोन पोरं गप्प झाली. मामूंनी मला रडू दिलं. मग गाडी गतिरोधकांवरून उडाली, लागोपाठ. त्यांना पाटी दिसत नव्हती, पण त्यांनी मान वर केली.

"लोहा आलं," ते म्हणाले. "घंटी द्या, बाई. धुरपताबाईला उतरायचंय."

मी डोळे पुसले आणि दोरी ओढली, एकदाच.